उंट, सुई आणि श्रीमंत माणूस: हे वचन नक्की कसं घ्यायचं?

शिलाईवाला_सोलापूर

जय ख्रिस्त मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. अक्कलकोट रोडला माझं शाळेचे युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे, दहा-बारा मशीन, शाळा उघडायच्या आधी दोन-तीन महिने रात्रपाळी पण असते, बाकी वर्ष आपलं ढकलगाडी. यावर्षी ऑर्डरी बऱ्या लागल्या, जुनी गाडी काढून जरा मोठी घेतली तर आमच्या मामांनी भर जेवणावळीत सुनावलं, "उंट एकवेळ सुईच्या नाकातनं जाईल हं भाच्या." सगळे हसले, मी पण हसलो, पण ते लागलं ते लागलंच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे बायबलमधलं आहे, मत्तय, मार्क आणि लूक या येशूच्या चरित्रांत. एका श्रीमंत माणसाला येशू म्हणतो सगळं विकून गोरगरिबांना दे, तो नाराज होतो, तेव्हा येशू म्हणतो, श्रीमंतानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटानं सुईच्या नाकातनं जाणं सोपं.

मग प्रार्थनासभेत एका ब्रदरना विचारलं तर ते म्हणाले काळजी करू नका, यरुशलेमेत सुईचं नाक नावाचा एक छोटा दरवाजा होता, उंटाचं ओझं उतरवून त्याला गुडघ्यावर बसवून आत घ्यायचे, म्हणजे अर्थ एवढाच की नम्र व्हा. ऐकून बरं वाटलं, पण खरं सांगू का, जरा जास्तच सोयीचं वाटलं. तर तो दरवाजा खरंच होता का? आणि 'सगळं विकून गोरगरिबांना दे' हे सगळ्यांनाच सांगितलंय का त्या एकट्या माणसाला? मी युनिट विकलं तर तिथं बसणाऱ्या बायकांनी काय करायचं? उगी वाद घालायला विचारत नाही ओ, खरंच कळंना झालंय.

बाळीवेस_कट्टा

दरवाजा होता की. आम्हाला पण शाळेत सरांनी हेच सांगितलेलं. आपल्याकडं जुन्या वाड्याच्या मोठ्या दरवाजात दिंडी नसते का, रात्री मोठा दरवाजा बंद आणि माणूस वाकून दिंडीतनं आत, तसंच ते. गाडीचं टेन्शन घेऊ नका, पेढे कधी देताय ते सांगा.

पाळकाचा_नातू

दिंड्या जगभर असतात, त्याबद्दल वादच नाही. पण येशूच्या काळी यरुशलेमेत 'सुईचं नाक' नावाचा दरवाजा होता याला काही आधार सापडत नाही, ना खोदकामात ना त्या काळच्या लिखाणात. इ. स. 70 मध्ये रोमन सैन्यानं ते शहर पाडलं, आणि आज टूरवाले जुन्या शहराची म्हणून जी तटबंदी दाखवतात ती ऑटोमन सुलतान सुलेमाननं साधारण 1537 ते 1541 मध्ये बांधलेली आहे, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या जेमतेम नव्वद वर्षं आधी. त्यात एखादा बुटका दरवाजा दाखवून 'हाच तो' म्हणणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. बरं, नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, लिहिणाऱ्यांना दरवाजाचं नाव सांगायचं असलं की ते सांगतात, कृत्ये या पुस्तकात 3:2 ला मंदिराचा 'सुंदर' नावाचा दरवाजा नावानिशी आलाय. इथं तसं काहीच नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शिष्यांचं तोंड बघा. मार्क 10:26 ला ते चाट पडून एकमेकांना विचारतात, मग तारण, म्हणजे उद्धार, होणार तरी कोणाचा? ओझं उतरवून उंट आत घेता येत असता तर चाट पडायचं कारणच काय होतं, म्हणाले असते बरं बाबा, उतरवतो ओझं. येशू पण त्यांची समजूत काढताना 'अरे तो दरवाजा रे' असं म्हणत नाही, तो आणखीनच घट्ट करतो, हे माणसांना अशक्य आहे, देवाला नाही. दरवाजाची गोष्ट घेतली की नेमकं हेच पुढचं वाक्य फुकट जातं.

बोलायची ढबच तशी आहे त्याची. मत्तय 23:24 ला परूश्यांना, म्हणजे नियमांवर बोट ठेवणाऱ्या यहुदी धार्मिक पुढाऱ्यांना, म्हणतो तुम्ही मुरकूट (चिलट) गाळून काढता आणि उंट गिळता, तिथं कोणी 'उंट' नावाची मिठाई शोधत बसत नाही. बाबेलकडच्या यहुदी तालमूद या धर्मग्रंथात असाच हत्ती सुईच्या नाकातनं जायचा दाखला येतो, जे स्वप्नात पण दिसणार नाही अशा गोष्टीसाठी. काहीजण उंट नव्हे जाड दोर होता म्हणतात. ठीक आहे, दोर घाला, जातोय का बघा.

शिष्य हबकले त्याला कारण आहे. जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा 28वा अध्याय वाचा, आज्ञा पाळल्या तर कोठारं भरतील, गुरंढोरं वाढतील. म्हणजे ज्याच्याकडं आहे त्याच्यावर देव खूश, हा साधा हिशोब. आपण पण बंगला बांधला की कमानीवर 'प्रभूची कृपा' लिहितोच ना, भाड्याच्या खोलीवर कोण लिहितंय. त्या हिशोबाप्रमाणं श्रीमंत माणूस रांगेत पहिला, आणि येशू म्हणतो तोच अडकणार.

आता सगळ्यांना विकायला सांगितलं का, तर नाही. लूकमध्ये 18व्या अध्यायात हा श्रीमंत अधिकारी तोंड पाडून बसतो आणि लगेच 19व्यात यरीहोचा जक्कय येतो, जकातदारांचा मुख्य, पैसेवाला. तो म्हणतो अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कोणाला लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. येशू त्याला 'उरलेलं अर्धं कुठाय' असं विचारत नाही, म्हणतो आज या घराला तारण मिळालं. म्हणजे लूकनं अशक्य आहे म्हणून सांगितलं आणि पुढच्याच पानावर एक उंट सुईतनं काढून दाखवला! शिवाय अरिमथाईचा योसेफ धनवान होता, स्वतःसाठी खोदलेली कबर येशूला दिली. हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना आणि दुसऱ्या काही बायका आपल्या पैशातनं येशूचा नि शिष्यांचा खर्च चालवायच्या (लूक 8:3).

पण म्हणून आपण सुटलो असं नाही हं. मार्कची गोष्ट नीट वाचा. येशू त्या माणसाला आज्ञा मोजून दाखवतो, खून नको, व्यभिचार नको, चोरी नको, खोटी साक्ष नको, आणि मधेच म्हणतो 'ठकवू नको'. ही दहा आज्ञांच्या यादीत अशी येत नाही, मत्तय आणि लूकच्या गोष्टीत पण नाही, फक्त मार्कात. इस्टेटवाल्या माणसालाच नेमकी ही एक जास्तीची का ऐकवली, याचा विचार तुमच्या-माझ्यासारख्या धंदेवाल्यानं करायला पाहिजे असं मला वाटतं.

हिशेबनीस

नातूसाहेब अभ्यास चांगलाय पण धंदा चालवणाऱ्याला असल्या चर्चेचा त्रासच होतो. ज्याला लोक श्रीमंत म्हणतात त्याचा पैसा असतो कुठं? कापड भिलवाड्याहून उधारीवर, तयार माल गोडाऊनमध्ये, शाळेचं पेमेंट दिवाळीला, आणि गाडी बँकेची. वाटून टाका म्हणजे काय वाटायचं, कर्ज? बायबलमधल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात 6:10 ला द्रव्याचा लोभ वाईट म्हटलंय, द्रव्य नाही. त्याच अध्यायात 17-18 ला श्रीमंतांना सांगितलंय गर्व करू नका, हात सैल ठेवा, म्हणजे मंडळीत (चर्चमध्ये) श्रीमंत होतेच आणि त्यांना कोणी हाकललं नव्हतं. हनन्या आणि सप्पीराचं उदाहरण घेऊन घाबरवतात काहीजण, जमीन विकून थोडे पैसे मागं ठेवले, सगळे दिले असं दाखवलं आणि जागीच मेले ते नवरा-बायको, पण तिथं येशूचा शिष्य पेत्र स्पष्ट म्हणतो जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसे पण तुझ्याच हातात होते, गुन्हा खोटं बोलण्याचा.

तांबोळी_विजापूररोड

मधेच बोलतो, माफ करा. हाच उंट आणि हीच सुई कुराणात पण आहे, सूरा आराफ, आयत 40. पण तिथं श्रीमंत नाही, आयती (अल्लाहची वचनं) खोट्या ठरवून ताठ्यानं वागणारे आहेत, उंट सुईच्या नाकातनं जाईपर्यंत त्यांना जन्नत नाही असं. तिथं दरवाजाची पळवाट काढलेली मी तरी ऐकली नाही.

ओव्हरलॉक_ताई

मी ख्रिस्ती नाही, बायबल वाचलेलं नाही, पण युनिफॉर्मचं नाव दिसलं म्हणून लिहितेय. मी पीसवर, म्हणजे नगाच्या मजुरीवर, काम करते. आधीच्या ठिकाणी सुई तुटली की पैसे कापायचे. आता बेल्टची पट्टी चार घड्यांची, त्यात आत कॅनव्हास, 16 नंबरची सुई घातली तरी कटकन मोडते, टोक उडून डोळ्यापाशी येतं, त्यात बाईची चूक काय? वर सुई पण आमच्याच पैशाची. आणि सीझन संपला की शेवटचा हिशोब "शाळेचे पैसे येऊ देत" करत गणपतीपर्यंत न्यायचे. पोरांच्या वह्या जूनला लागतात, गणपतीला नाही. त्याच मालकानं त्याच मे महिन्यात नवी गाडी घेतलेली, नारळ फोडायला आम्हालाच बोलावलं होतं. कोणाचा उंट कुठनं जातो ते तुम्ही बघा, मला ते 'ठकवू नको' तेवढं पटलं.

पाळकाचा_नातू

ताई, तुम्ही म्हणताय ते बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात लिहून ठेवलंय. 5:4, तुमच्या शेतातलं पीक कापणाऱ्यांची तुम्ही अडवलेली मजुरी ओरडतेय आणि ते ओरडणं देवाच्या कानापर्यंत गेलंय. श्रीमंतांना उद्देशूनच आहे ते. हिशेबनीसदादा, उधारीचं गणित मला मान्य, पण उधारीत थांबवायचं कोणाला हे मालकच ठरवतो ना, आणि बहुतेकवेळा जो भांडू शकत नाही तोच थांबतो.

चंद्रभागाकाठ

तुकोबांचं आठवलं. दुष्काळानंतर सावकारीची खतं, म्हणजे कर्जाचे कागद, इंद्रायणीत बुडवली म्हणतात ना, तेव्हा भाऊ कान्होबा म्हणाले माझा वाटा द्या. तर अर्धी खतं भावाच्या हवाली केली आणि आपली अर्धी बुडवली, असं सांगतात. दुसऱ्याच्या वाट्याचं पुण्य आपण करायला गेले नाहीत. भाच्याला ऐकवणाऱ्या मामांना कळवा.

शिलाईवाला_सोलापूर

मामांना दाखवतोच हे 😄 ताई, आमच्याकडं सुईचे पैसे कापत नाहीत, सुई-दोरा-तेल सगळं युनिटचं. शाळा तीन-चार महिने लटकवतात हे मात्र खरंय आणि ते सगळीकडं खालपर्यंत झिरपतं. यंदा पीसचा हिशोब मे अखेर चुकता करायचा आणि कापडवाल्याला थांबवायचं असं ठरवतोय, तो शिव्या घालेल पण त्याला झेपतं.

नातूभाऊ अजून एक. युट्यूबवर एक पास्टर सांगत होते की देवाला द्या, शंभरपट परत मिळतं, आणि ते पण मार्क 10 मधलंच म्हणे. ते कसं काय? आत्ताच तर उंट अडकला होता.

पाळकाचा_नातू

28 ते 30 वाचा. पेत्र म्हणतो आम्ही सगळं सोडून तुझ्यामागं आलो. त्यावर येशू सांगतो ज्यानं माझ्यासाठी सोडलं त्याला आत्ताच्या काळात घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं शंभरपट मिळतील, आणि लगेच जोडून 'छळणुकीसह'. तेवढा शब्द त्या व्हिडिओत येत नाही. शंभर आया कोण बँकेत टाकतंय ओ, ती मंडळीतली माणसं, एकमेकांच्या घरात जेवणारी. आणि शंभरपट म्हणजे रोकड धरायची तर ती पहिली पेत्राला मिळायला पाहिजे होती, कारण विचारलं त्यानंच. कृत्ये 3:6 ला तोच पेत्र मंदिराच्या दारात बसलेल्या लंगड्या भिकाऱ्याला सांगतोय, सोनं-रुपं माझ्याजवळ काही नाही.