आरएनए मोजायचा, मापायचा की तोलायचा?

चोपड्याहून: केळीच्या टिश्यू कल्चर रोपांचा तपासणी अहवाल आलाय, सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूचा, म्हणजे आपल्याकडचा हरण्या रोग. त्यात ‘आरटी-पीसीआर, सीटी ३३’ असं आहे. गावच्या माहितीपत्रकात ‘विषाणूचे प्रमाण ३३’ लिहू का? आणि आरटी म्हणजे रिअल टाइमच ना?

धुळ्याहून: दोन्ही नाही, भाऊ. पीसीआर म्हणजे डीएनएच्या नकला फेरीफेरीनं वाढवणं, आणि सीटी हा त्या फेऱ्यांचा आकडा. दर फेरीला नकला दुप्पट होतात. त्यांची चमक ठरलेली रेषा ओलांडते ती फेरी म्हणजे सीटी. आकडा मोठा तितका मूळ माल कमी, साधारण ३.३ फेऱ्यांमागे दहापट. आरटी म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन. या विषाणूत असतो आरएनए, पण पीसीआर वाढवतं डीएनए, म्हणून आधी उलटी नक्कल काढावी लागते. ते करणारं एन्झाइम टेमिन आणि बाल्टिमोर यांनी १९७० साली दाखवलं. कोशात ‘व्यस्त प्रतिलेखन’ लिहा खुशाल, पत्रकात ‘उलटी नक्कल’च बरी.

जळगावहून: माझं भांडण क्रियापदाशी आहे. आपण घड मोजतो, ज्वारी पायलीनं मापतो, केळी काट्यावर तोलतो. सीटीवरून प्रमाण काढणं हे तोलणं आहे: माहीत असलेल्या प्रमाणाचे नमुने पातळ करत सोबत चालवायचे, ती आपली वजनं. वजनंच खोटी तर तोल खोटा. (‘तुलना’ही ‘तुला’ म्हणजे तराजूच्याच घरची.) डिजिटल पीसीआर मात्र मोजतं. नमुना हजारो थेंबांत वाटायचा आणि कोणता थेंब चमकला ते बघायचं. एका थेंबात दोन रेणू शिरले असतील त्याचा हिशेब पॉयसाँच्या संभाव्यतेच्या गणितानं. पण उलटी नक्कल अर्धीच झाली असेल, तर तीही मोजणी अर्ध्याचीच.

धुळ्याहून: पटलं. माझ्या ‘दुप्पट’लाही कात्री लावा. फेरीला दुपटीऐवजी १.९ पटच वाढ झाली, तर ३० फेऱ्यांनंतर माल दुपटीच्या हिशेबाच्या जेमतेम पाचवा हिस्सा भरतो.

चोपड्याहून: मग लिहितो, ‘विषाणूची खूण ३३व्या फेरीत दिसली’. पण आबा विचारतात, “कितला शे?”, म्हणजे किती आहे. अहिराणीत मोजा की तोला, कितला एकच.

जळगावहून: अहवालात वजनांचा तक्ता जोडलाय का?

चोपड्याहून: नाही.

जळगावहून: मग आबांना सांगा, ‘शे’ इतकंच कळलं. कितला, ते नाही.