पदपथांची पाहणी करून ती महापालिकेच्या अंदाजपत्रकापर्यंत कशी न्यावी?

कर्वेनगरवासी
पुण्यात आमच्या भागातल्या पदपथांची पाहणी करायचं काही जणांनी ठरवलं आहे. सगळ्यांकडे स्मार्टफोन आहेत, आठवड्याला दोन-तीन तास द्यायची तयारी आहे. सध्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येत राहतात, महापालिकेच्या ॲपवर तक्रारी जातात, त्या 'निराकरण झाले' असं दाखवून बंद होतात आणि पदपथ होता तसाच राहतो. माहिती अशी गोळा करायची आहे की ती कुणाला नुसती बाजूला सारता येऊ नये. साधन कोणतं वापरावं, नेमकं काय मोजावं, कुठे आणि केव्हा द्यावं? शिवाय सह्यांच्या मोहिमेसाठी ऑनलाइन फॉर्मवर मोबाइल आणि मतदार ओळखपत्राचा क्रमांक घ्यावा, म्हणजे मागणीला वजन येईल, असं काहींचं मत आहे. ते बरोबर आहे का?

नकाशेवाला
व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो आणि त्यातली जागेची व वेळेची नोंद निघून जाते. पुरावा म्हणून तो लंगडा पडतो. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर नोंद टिकते, पण शेकडो फोटोंचा हिशेब ग्रुपवर ठेवता येत नाही. कोबोटूलबॉक्स हे फोनवर फॉर्म भरून माहिती गोळा करायचं साधन वापरा. फॉर्म मराठीत करता येतो, नेट नसलं तरी भरता येतो आणि घरी येऊन वर चढवता येतो.

फॉर्म लहान ठेवा, नाहीतर तिसऱ्या रस्त्यावरच लोक कंटाळतात. रस्त्याचं नाव, कोणत्या दोन चौकांच्या मधला भाग, मोकळी रुंदी, अडथळ्याचा प्रकार, अडथळा कायमचा की हलवता येणारा, आणि दोन फोटो: एक लांबून, ओळखीची खूण दिसेल असा, दुसरा जवळून, टेप दिसेल असा. एवढं पुरे.

खरी मेख मोजमापात आहे. पदपथ कागदावर अडीच मीटरचा असतो. मध्ये फीडर पिलर (विजेची पेटी), झाडाचं आळं आणि फलकाचा खांब आला की माणसाला ऐंशी सेंटिमीटर उरतात. म्हणून रुंदी नेहमी सर्वांत अरुंद ठिकाणी घ्या, कर्बच्या (पदपथाच्या कडेच्या काठाच्या) आतल्या कडेपासून अडथळ्यापर्यंत किंवा अडथळ्यापासून भिंतीपर्यंत, जी मोकळी बाजू जास्त असेल ती. तुलनेसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी १०३ हे मानक घ्या: किमान १.८ मीटर मोकळी रुंदी, २.२ मीटर मोकळी उंची, आणि कर्ब १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. महापालिकेचं स्वतःचं पादचारी धोरणही २०१६ पासून आहे. 'पदपथ खराब आहे' याला उत्तर देणं सोपं असतं. 'या खांबाशी ०.८ मीटर, मानक १.८' याला सोपं नसतं.

उंच इमारतींमध्ये जीपीएस दहा-वीस मीटर सरकतं. अचूकता पाच मीटरच्या आत येईपर्यंत थांबा. येतच नसेल तर चौकापासूनचं अंतर लिहा. आणि दर दहा नोंदींमागे एक नोंद दुसऱ्या जोडीकडून पुन्हा मोजून घ्या. फरक पाच सेंटिमीटरच्या वर गेला तर दोन जोड्या वेगवेगळं काहीतरी मोजत आहेत असं समजा.

पथारीचा हक्क
वरच्या फॉर्ममध्ये एक गोष्ट आवर्जून बदला. 'हलवता येणारा अडथळा' या एका रकान्यात उभ्या केलेल्या गाड्या, दुकानाबाहेर मांडलेला माल आणि पथारीवाले एकत्र टाकू नका. पथारीवाल्यांना २०१४ च्या कायद्याने संरक्षण आहे. प्रमाणपत्रधारक कुठे बसणार हा शहर फेरीवाला समितीचा विषय आहे. एकत्र यादी गेली की कारवाईची गाडी आधी हातगाडीपाशी थांबते आणि चारचाकी तिथेच राहते. चेहरे आणि गाड्यांचे नंबर फोटोत येऊ देऊ नका. आलेच तर वर चढवण्याआधी झाका.

आवक-जावक
आता कुठे आणि केव्हा द्यायचं ते. तक्रार आणि मागणी वेगळी ठेवा. उखडलेला ब्लॉक, उघडं चेंबर ही तक्रार: ॲपवर टाका आणि टोकन जपून ठेवा. पदपथावर चढायला नवा उतार, बोलार्ड (गाड्या अडवणारे छोटे खांब), अरुंद जागी रुंदीकरण ही मागणी आहे, तिला पैसे लागतात आणि पैसे अंदाजपत्रकातून येतात. तक्रारीच्या खिडकीत मागणी टाकली की ती बंद होणारच, कारण ज्याच्यापुढे ती जाते त्याच्याकडे तरतूद नसते.

पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. साधारण पावसाळ्याच्या शेवटी पुढच्या वर्षासाठी कामं सुचवायचं आवाहन निघतं, त्यावर लक्ष ठेवा. एका कामाला ५ लाखांची मर्यादा राहिली आहे. त्या वर्षीच्या अर्जावर ती तपासून घ्या. चारशे मीटर नवा पदपथ मागितला की काम मर्यादेबाहेर जातं आणि कागद तिथेच संपतो. त्याऐवजी तुकडे करा: अमुक चौकातले चार उतार हे एक काम, अमुक शाळेसमोरचे बोलार्ड हे दुसरं. जागा महापालिकेच्या ताब्यातली हवी. सोसायटीचा आतला रस्ता चालत नाही.

अर्ज ऑनलाइन भरला तरी कागदी प्रत क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पुढचा सगळा पाठपुरावा त्या क्रमांकावर चालतो. नंतर आयुक्तांचं अंदाजपत्रक, स्थायी समिती, मुख्य सभा हा प्रवास होतो. मंजूर झालं म्हणून निर्धास्त राहू नका: वर्षाच्या मध्यात निधी वर्गीकरणाने दुसऱ्या कामाकडे वळवला जाऊ शकतो.

तिथे माहिती अधिकार कामी येतो. जोडपत्र 'अ' (अर्जाचा नमुना), १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, १५० शब्दांच्या आत. महाराष्ट्राचा नियमच तसा आहे. 'काम का झालं नाही' विचारू नका, त्याची नोंद फाइलीत नसते. अर्थशीर्षक (अंदाजपत्रकातलं खातं), तरतूद, वर्गीकरणाचा ठराव, कार्यादेश (ठेकेदाराला काम दिल्याचा आदेश) आणि मोजमाप पुस्तकाच्या (झालेल्या कामाच्या मोजणीच्या नोंदवहीच्या) प्रती मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे.

खासगीपणा
मतदार ओळखपत्राचा क्रमांक अजिबात घेऊ नका. निवेदनाला त्याची गरज नसते. त्या क्रमांकावरून माणसाची मतदार यादीतली नोंद आणि मतदान केंद्र काढता येतं. सोबत मोबाइल असला की ती यादी निवडणुकीत कुणालाही हवीहवीशी वाटेल. एकदा शीट बाहेर गेली की परत घेता येत नाही, आणि बहुतेक वेळा ती 'लिंक असलेल्या कुणालाही पाहता येईल' या एका पर्यायामुळेच बाहेर जाते. कागदावर नाव, परिसर, सही घ्या. मोबाइल फक्त समन्वय करणाऱ्या दोघांचे. निवेदन दिलं की कच्च्या याद्या कधी नष्ट करणार ते आधीच लिहून ठेवा.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्याच कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं आणि वैयक्तिक माहिती नाकारणं सोपं झालं. म्हणून अर्जात अधिकाऱ्याबद्दल नव्हे, कामाबद्दल विचारा.

कर्वेनगरवासी
क्रमांक घेणं रद्द. एक शंका: चॅटबॉटकडून पत्र लिहून घेऊन प्रत्येकाने आपल्या नावाने ईमेल केला तर दबाव वाढेल का?

आवक-जावक
नाही. एकाच मजकुराचे शंभर ईमेल एकाच विषयाखाली लागतात, आणि मजकुरात मोजमाप चुकलं असेल तर शंभर वेळा चुकतं. भाषा सुधारायला वापरा, आकडे मात्र फॉर्ममधूनच हाताने घ्या.

नकाशेवाला
मागणी लिहिण्याआधी त्या रस्त्याचा कार्यादेश मागवून दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम झाल्यावर बिघाडाची जबाबदारी ठेकेदारावर असते तो काळ, बघा. तो चालू असेल तर उखडलेले ब्लॉक ठेकेदाराने स्वखर्चाने बसवायचे असतात. त्यासाठी अंदाजपत्रकातला एक रुपयाही मागायची गरज नाही.