पुन्हा कामावर रुजू होताना : किती सांगितलं, कुणाला सांगितलं?

घरातल्या मारहाणीतून बाहेर पडल्यावर किंवा अपंगत्व घेऊन ज्यांनी नोकरी शोधली, त्या सगळ्यांना लिहायचं आमंत्रण. बारीक तपशील हवेत. अर्जात काय लिहिलंत, मुलाखतीत काय वगळलंत, कुणाचं कोणतं वाक्य कामी आलं, काय मागायचं राहून गेलं. आपलं किंवा दुसऱ्या कुणाचं नाव, गाव, कंपनी लिहू नका. सुरुवात मी करते.

हिशेबाचं काम सोडून ९ वर्षं मी घरात होते. सोडून म्हणणं खरं नाही, सोडायला लावलं होतं. बाहेर पडले तेव्हा सोबत मुलगी आणि फोन. पदवीचं प्रमाणपत्र, गुणपत्रिका, अनुभवपत्र, सगळं त्याच घरातल्या कपाटात. ‘ते आणायला एकटी परत जाऊ नकोस, दुय्यम प्रती मिळतात,’ हे मदत केंद्रातल्या ताईंनी सांगितलं. त्यांनी पहिल्या दिवशी बायोडेटाचा विषयच काढला नाही. आधी नवा ईमेल, मग माझ्या एकटीच्या नावाचं खातं, मग जिथे जिथे त्याचा नंबर जोडलेला होता तिथून तो काढणं. नोकरीचं विचारायला आले आणि हे काय चाललंय, असं मला वाटलं होतं. पण तसं केलं नसतं तर मुलाखतीचं बोलावणं त्याने आधी वाचलं असतं आणि पहिला पगार संयुक्त खात्यात गेला असता.

मधल्या ९ वर्षांचं काय सांगायचं? ‘कौटुंबिक कारण’ म्हणताना माझा आवाज खाली जायचा. ताईंनी वाक्य बसवून घेतलं : ‘घरच्या परिस्थितीमुळे काम थांबलं होतं, ती परिस्थिती आता संपली आहे. गेल्या ३ महिन्यांत नवं सॉफ्टवेअर शिकले, त्यात केलेलं काम सोबत आणलंय.’ वाक्य कामावर संपवलं की पुढचा प्रश्नही बहुधा कामाचाच येतो. मारहाणीचं मुलाखतीत बोलले नाही आणि त्यात मला काही खोटं वाटत नाही. रुजू झाल्यावर मात्र एचआरमधल्या एकाच बाईंना सांगितलं, कारण तो ऑफिसात येऊन उभा राहील ही भीती होती. तीन गोष्टी मागितल्या : मी इथे आहे की नाही हे फोनवर कुणालाही सांगू नका, फोटो कुठेही टाकू नका, बसायला दाराजवळची जागा नको. तिन्ही मिळाल्या.

कोर्टाच्या तारखांना रजा मागायला मात्र जीभ रेटेना. नंतर वाचलं, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या करारात, क्रमांक १९०, घरगुती हिंसेचा कामावर होणारा परिणाम मान्य केलेला आहे आणि सोबतच्या शिफारशीत रजेचा, सोयीच्या वेळांचा उल्लेख आहे. फिलिपिन्समध्ये २००४ च्या आणि न्यूझीलंडमध्ये २०१८ च्या कायद्याने १० दिवसांपर्यंत भरपगारी रजा मिळते. हे तेव्हा माहीत असतं तर मी रजा उपकार मागितल्यासारखी मागितली नसती.

*

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. नजर कडेने आत आत मिटत जाते, नळीतून पाहिल्यासारखं होतं. २ वर्षं लपवलं. कुणी बाजूने हात पुढे केला तर दिसायचा नाही, लोकांना घमेंड वाटायची. ईमेलमधल्या ओळी सुटायच्या. वार्षिक शेऱ्यात ‘निष्काळजी’ आलं आणि पुढे नोकरी गेली. डोळ्यांचं सांगितलं असतं तर कदाचित राहिली असती, कदाचित लवकर गेली असती. पण ‘निष्काळजी’ हा शब्द तरी माझ्या नावावर लागला नसता. तो मला अजून सलतो.

मग स्क्रीन वाचून दाखवणारं एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर शिकलो. ते फुकट आहे, २००६ मध्ये एका अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने ते लिहायला घेतलं. मला हात बसायला ५ महिने लागले. कानाने काम करताना सुरुवातीला डोकं भणभणतं, हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगतो.

एका कंपनीची ऑनलाइन परीक्षा उघडली तर बटणांना नावंच दिलेली नव्हती. कानात नुसतं ‘बटण, बटण, बटण’. वेळ संपून गेली. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी आधीच मेल पाठवू लागलो : ‘मी स्क्रीन रीडर वापरतो. प्रश्न चित्रात न देता मजकुरात द्यावेत आणि वेळ थोडा वाढवून द्यावा.’ संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारानुसार असा वाजवी बदल नाकारणं हाच भेदभाव ठरतो, हे माहीत असल्याने मेलमध्ये गयावया नसायची. दोन ठिकाणांहून उत्तर आलं नाही. तिसरीकडे विचारलं, ‘तुम्ही कॉम्प्युटर कसा वापरणार?’ लॅपटॉप सोबतच होता. हेडफोन काढून आवाज मोठा केला आणि त्यांचीच एक फाइल दुरुस्त करून दाखवली. तिथे मी आता चौथं वर्ष करतोय.

*

मला ऐकू येत नाही. एकच सांगते : दुभाषी सोबत असली तरी प्रश्न तिला विचारू नका, मला विचारा. आणि व्हिडिओ मुलाखतीत एका वेळी एकानेच बोलावं, हे मी आता आधीच लिहून कळवते.

*

वर दोन वेगळ्या गोष्टी आल्यात, माझ्या बाबतीत त्या एकच आहेत. नवऱ्याने डोकं भिंतीवर आपटलं होतं, एकदा नाही. हाड मोडलं नव्हतं म्हणून कुणी पुढे काही पाहिलं नाही. नोकरी लागल्यावर कळेना, तोंडी सांगितलेलं दुपारपर्यंत पुसून कसं जातं, ट्यूबलाइटखाली कपाळ का ठणकतं. माझाच आळस समजत होते. समुपदेशक बाईंनी डोक्याच्या माराबद्दल विचारलं आणि डॉक्टरांकडे, तिथून ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी साहेबांना देण्यासाठी एक पानभर लिहून दिलं. त्यात मारहाणीचा एक शब्द नव्हता, फक्त काय लागेल ते : सूचना लेखी द्याव्यात, मध्ये १० मिनिटं शांत जागा मिळावी, सुरुवात अर्ध्या दिवसाने करून तास हळूहळू वाढवावेत. ते पान मी अजून जपून ठेवलंय. कारण न सांगता गरज सांगता येते हे मला त्यातून कळलं. डोक्याला मार लागलेल्या बायांनो, कितीही जुना असो, तपासून घ्या.

*

माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. ६ वर्षं तो प्रशिक्षणच घेत होता. मेणबत्त्या झाल्या, पाकिटं झाली, पुन्हा मेणबत्त्या. ‘तयार झाला की नोकरी बघू.’ तो तयार कधी होणार हे कोण ठरवणार होतं? मग आयपीएस (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट) या पद्धतीबद्दल कळलं : आधी खरी नोकरी, शिकणं तिथेच, आणि एक माणूस दोघांच्याही, त्याच्या आणि मालकाच्याही, संपर्कात. युरोपातल्या ६ केंद्रांमधल्या चाचणीत (२००७) या पद्धतीने ५५ टक्के लोक नोकरीला लागले, जुन्या पद्धतीने २८ टक्के. आमच्याकडे तो ‘एक माणूस’ मीच झाले. त्याला माणसांशी कमी बोलायचं काम हवं होतं. ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं लावायचं मिळालं. सकाळच्या गोळ्यांनी सुस्ती येते म्हणून तो ११ वाजता जातो. एवढाच बदल मागावा लागला.

*

परवा माझी मुलाखत आहे. व्हीलचेअर वापरते, अर्जात लिहिलेलं नाही. समोर गेल्यावर कळेलच, असं ठरवलं होतं. वरचं सगळं वाचून आता गोंधळ उडालाय.

*

मी वरची, ऐकू न येणारी. आजच मेल करा, दोन ओळींचा. ‘मी व्हीलचेअरने येईन. मुलाखत कितव्या मजल्यावर आहे, लिफ्टच्या दाराची रुंदी किती आहे, प्रवेशाला पायऱ्या आहेत का?’ आजाराचं नाव नको, माफी नको. आणि उत्तर काय आलं ते इथे लिहा, मी वाट पाहते.