मदत हवी आहे: टंगस्टन हिऱ्यापेक्षा मऊ, मग टंगस्टन कार्बाइड एवढे कठीण कशामुळे?

सप्रेम नमस्कार. वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत कटिंग टूलना धार लावण्याचे काम शिकणाऱ्या मराठी मुलांना मी संध्याकाळी पदार्थविज्ञान शिकवतो. त्यांच्या एका प्रश्नाचे नेमके उत्तर मला द्यायचे आहे.

हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणू चार शेजाऱ्यांशी ठरावीक दिशांच्या सहसंयुज बंधांनी जोडलेला असतो. ग्रॅफाइटच्या थरातील बंध त्याहूनही आखूड, म्हणजे ०.१५४ ऐवजी ०.१४२ नॅनोमीटरचे असतात, पण एकमेकांपासून ०.३३५ नॅनोमीटरवर असलेले त्याचे थर सहज घसरतात. इथवर मुलांना पटते. अडचण टंगस्टनपाशी येते. ते ३४२२ अंश सेल्सिअसला वितळते, त्याचे अणू सुटे करायला प्रत्येक अणूमागे हिऱ्यापेक्षाही जास्त ऊर्जा लागते, आणि तरीही शुद्ध टंगस्टन हिऱ्याहून कितीतरी मऊ आहे. धातुबंध दिशेला फारसा बांधलेला नसल्याने स्फटिकातील डिसलोकेशन (अणूंच्या मांडणीतील रेषेसारखा दोष) तुलनेने सहज पुढे सरकते, त्यामुळे कठीणता बंधांच्या एकूण ऊर्जेपेक्षा या सरकण्याला होणाऱ्या विरोधावर अधिक अवलंबून असते, असे मी त्यांना सांगतो.

आता मुले विचारतात ती गोष्ट त्यांच्या रोजच्या हाताखालची आहे. टंगस्टन कार्बाइड या टंगस्टन-कार्बनच्या संयुगाच्या षट्कोनी रचनेत टंगस्टन-कार्बन बंधांची दिशा अधिक महत्त्वाची, की अणूंचे थर एकमेकांवरून घसरण्याला सोयीची प्रतले मोजकीच असणे? शिवाय कार्बाइडचे कण बांधून ठेवणाऱ्या कोबाल्ट धातूचे प्रमाण वाढवले की टूलची कठीणता उतरते आणि चिवटपणा वाढतो, हे याच विवेचनात कसे बसवावे? धातुशास्त्राच्या जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.