रोजच्या घड्याळावरचे ओरखडे, पॉलिश करू की राहू देऊ?

स्टीलचं घड्याळ रोज वापरतो, बकलवर लॅपटॉपमुळे बारीक रेघा आल्यात आणि काचेवर एक मोठा ओरखडा, नजर सारखी तिथेच जाते. पॉलिश करून घेऊ का?

घड्याळवेडा: बकल सोडून दे, ते सगळ्यांचंच तसं होतं. पॉलिश म्हणजे वरचा धातू घासून काढणं, दोनतीनदा केलं की केसच्या (घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या डबीच्या) धारदार कडा गोल होतात आणि त्या परत येत नाहीत. ब्रश फिनिश (बारीक रेघांचा मॅट पृष्ठभाग) असेल तर चकाचक करून तर अजिबात घेऊ नकोस.

टिकटिक: काच कसली आहे ते आधी बघ. अ‍ॅक्रिलिक (प्लास्टिकची) असेल तर पॉलिश पेस्टने घरीच निघतो ओरखडा, मिनरल (खरी काच) असेल तर सरळ बदलून घे. सफायर (कृत्रिम नीलमची काच) कठीणपणाच्या मोहस स्केलवर ९ आणि वाळूतलं क्वार्ट्झ ७, त्यामुळे तिच्यावर सहसा चरा उठत नाही, पण वरून अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग (चमक कमी करणारा थर) असेल तर ते ओरखडतं आणि लोकांना वाटतं काचच गेली :)

निवांत: काच बदलताना गॅस्केटपण (पाणी अडवणारी रिंग) नवीन टाकायला सांग आणि प्रेशर टेस्ट (पाणी आत जातं का याची तपासणी) करून घे, नाहीतर पाणी जाईल आत.