१६ वर्षांच्या मुलाला निवासी उपचार केंद्रात ठेवताना काय तपासायचं? आणि परतल्यावर?

वाटाड्या: ओळखीच्या घरातला मुलगा, वय १६. दीड वर्ष गांजा, आता ‘बटन’ गोळ्याही. शाळा सुटली, घरात हाणामारी. एक केंद्र म्हणतंय, “आमची माणसं पहाटे येऊन घेऊन जातील, तीन महिने भेट नाही.” हे चालतं का? आणि नंतर थेट जुन्या गल्लीतच आणायचं?

कडुनिंब: अशा केंद्राला आजच नकार कळवा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मधलं कलम ८७ अल्पवयीनांसाठीच आहे आणि त्यात व्यसनाचे उपचारही येतात. अर्ज पालकांचा. दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक यांनी, त्याच दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांत मुलाला वेगवेगळं तपासलेलं असलं पाहिजे. राहायची सोय मोठ्या पेशंटांपासून वेगळी हवी. पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण काळ सोबत राहणं बंधनकारक आहे, त्यामुळे “तीन महिने भेट नाही” ही अट मुळातच बेकायदेशीर. दाखल केल्यावर ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला (अशा भरतीवर नजर ठेवणारं, याच कायद्याखालचं मंडळ) कळवावं लागतं, मुक्काम ३० दिवसांच्या पुढे गेला तर पुन्हा. पालकांनी डिस्चार्ज मागितला की तो द्यावाच लागतो, फॉर्मवर काहीही सही घेतलेली असो.

केंद्र बघायला जाल तेव्हा राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचं नोंदणी प्रमाणपत्र मागा. मग मुलं झोपतात ती खोली बघा: कडी बाहेरून आहे का, रात्री गोळ्या कोण देतं, नर्स की जुना पेशंट? फक्त ऑफिस दाखवून परत पाठवत असतील तर तिथे ठेवू नका.

निशिगंध: ‘बटन’बद्दल एक महत्त्वाचं. या सहसा नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या असतात. रोज घेणाऱ्याच्या एकदम बंद केल्या की फिट येऊ शकते, त्यामुळे घरच्यांनी चिडून गोळ्या फेकून देऊ नयेत. डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. रिकामी स्ट्रिप सोबत न्या, रोज किती आणि शेवटची कधी घेतली हे कागदावर लिहून द्या. रात्री डॉक्टर नसलेल्या ठिकाणी हे काम होत नाही.

पायरी: परतण्याची तयारी डिस्चार्जच्या दिवशी सुरू केली तर उशीर झालेला असतो. आधी दोन दिवसांची घरसुट्टी, मग चार. प्रत्येक वेळी परत आल्यावर समुपदेशकासोबत बसून कुठे अडलं ते बोलायचं. बहुतेकदा अडतं ते संध्याकाळी ५ ते ९ मध्ये, मुलगा रिकामा आणि घरचे कामावर. त्या वेळेला क्लास, तालीम, काहीतरी ठरलेलं हवं. पहिले दोन-तीन महिने दुसऱ्या गावी मावशी-काकांकडे ठेवता आलं तर उत्तम, फक्त फॉलो-अपची तारीख चुकू देऊ नका. दहावी राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं.

सगळ्यात धोक्याचे दिवस परतल्यानंतरचे हेच. मध्ये खंड पडल्याने शरीराची सवय गेलेली असते; जुन्याच हिशेबाने गोळ्या घेतल्या, त्यात दारू असली, तर श्वास मंदावतो.

वाटाड्या: अनुरक्षण गृहाचं कुणीतरी सुचवलंय.

कडुनिंब: ते बालगृहासारख्या संस्थेतून १८ पूर्ण करून बाहेर पडणाऱ्यांसाठी, साधारण २१ पर्यंत. पालकांनी खासगी केंद्रात ठेवलेल्या मुलाला लागू नाही. आणि उपचार चालू असताना १८ पूर्ण झाली तर तिथून पुढे संमती त्याची स्वतःची. आत्तापासूनच प्रत्येक निर्णय त्याला विचारून घ्या. आज रात्री कुणाशी बोलायचं असेल तर टेली-मानस १४४१६, व्यसनासाठी १४४४६.