रशिदा तलैब यांच्या पाठिंब्यासाठी ठाण्यात सभा: परवानगी, निवेदन, पत्र

कळवा_खाडीकाठ
आम्ही दहा-बारा जण युद्धविरोधी काम करतो. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहातल्या रशिदा तलैब यांनी गाझाबाबत स्वतःच्या देशाच्या धोरणाला विरोध केला म्हणून त्यांच्यावर सतत टीका होते. अशा वेळी त्यांच्या बाजूने इथूनही आवाज जायला हवा असं मनापासून वाटतं. कोर्ट नाक्यावर तासभर उभं राहून निवेदन वाचायचं, सह्या घ्यायच्या आणि पत्र पाठवायचं असा बेत आहे. परवानगी कशी काढायची? निवेदनात काय असावं?

चरईकर
परवानगीचं आधी. जागा ज्यांच्या हद्दीत येते त्या पोलीस ठाण्यात वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे अर्ज द्या, किमान आठ दिवस आधी. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका. पुढे कोणी "अर्जच आला नव्हता" म्हटलं तर तो शिक्काच कामाला येतो. अर्जात तारीख, वेळ, नेमकी जागा, अंदाजे संख्या, दोन संयोजकांचे मोबाइल आणि फलकांवरचा मजकूर शब्दशः द्या. मजकूर आधी दाखवला की जागेवर फलक काढून घेण्याची वेळ सहसा येत नाही.

आता अडतं कुठे ते. ठाणे पोलीस आयुक्तालयात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37(3) खाली जमावबंदी वरचेवर लागू असते. सरकारच्या मंजुरीशिवाय ती 15 दिवसांपेक्षा जास्त चालत नाही, पण एक आदेश संपला की पुढचा निघू शकतो. त्यामुळे आदल्या दिवशी चालू आदेश वाचून घ्या. मोडला तर कलम 135 लागतं. "परवानगी नाही, जमलात तर कारवाई" अशी नोटीस हातात पडली (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 149 ची, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 ची) तर ती घ्या, सही करा आणि तारीख पुढे ढकला. तिथे वाद घालून काही मिळत नाही.

शिवाय कोर्ट नाक्याला जिल्हा न्यायालय अगदी लागून आहे. न्यायालयाभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र धरतात, म्हणून हातातला भोंगासुद्धा नको.

वाशी_सेक्टर_नऊ
माझं मत बंद सभागृहाचं. रस्त्यावर अर्धा वेळ बंदोबस्ताशी बोलण्यात जातो, आणि या विषयाला नीट दोन तास हवेत. नवी मुंबईतले लोक येणार असतील तर एक लक्षात ठेवा: कळवा ठाणे आयुक्तालयात आहे, ऐरोली-दिघा नवी मुंबईच्या. अर्ज चुकीच्या हद्दीत गेला की चार दिवस फुकट जातात.

"परदेशातल्या गोष्टीशी तुमचा काय संबंध" हा प्रश्न येणारच. मुंबई उच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 ला आझाद मैदानावरच्या गाझा-सभेसाठीची माकपची याचिका फेटाळताना देशातले प्रश्न बघा असंच सुनावलं होतं. ऑगस्टमध्ये मात्र तिथे सभा झाली. म्हणून एकदा नकार आला की सोडून देऊ नका, नवी तारीख टाकून पुन्हा अर्ज करा.

नौपाडा_वाचक
निवेदनाबद्दल. फॉरवर्डमध्ये "तलैब यांची हकालपट्टी झाली" असं फिरतं, ते साफ खोटं आहे. 7 नोव्हेंबर 2023 ला 234 विरुद्ध 188 मतांनी निंदेचा ठराव झाला, त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या 22 जणांनी बाजूने मत दिलं. निंदेने सदस्यत्व जात नाही, मताधिकारही जात नाही. सदस्य काढायला दोन-तृतीयांश मतं लागतात. प्रतिनिधीगृहातल्याच दुसऱ्या सदस्य इल्हान ओमर यांचं प्रकरण वेगळं आहे: 2 फेब्रुवारी 2023 ला 218-211 ने त्यांना परराष्ट्र व्यवहार समितीतून काढलं. दोघींची सरमिसळ झाली की विरोधक तेवढंच उचलतात आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.

एक परिच्छेद प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या सदस्य बार्बरा ली यांच्यावर घाला. 14 सप्टेंबर 2001 ला लष्करी कारवाईच्या अधिकाराचा ठराव प्रतिनिधीगृहात 420-1 ने मंजूर झाला, विरोधातलं ते एक मत त्यांचं. धमक्या आल्या, संरक्षण घ्यावं लागलं, तरी मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिलं. एकट्या पडलेल्या प्रतिनिधीला लोकांनी सावरल्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

तलैब यांचं प्रत्येक वाक्य आपल्याला पटलं पाहिजे असं नाही. निवेदनात तसं स्पष्ट लिहा, आणि ज्यूद्वेषाला थारा नाही हेही. पाठिंबा आहे तो सरकारच्या युद्धधोरणाला सभागृहात विरोध करण्याच्या त्यांच्या हक्काला. इतकं नेमकं असलं की सह्या करायला लोक कचरत नाहीत.

कळवा_खाडीकाठ
फार उपयोगी. पत्र तलैब यांच्या संकेतस्थळावरून पाठवलं तर?

चरईकर
तिथले अर्ज बहुतेक करून मतदारसंघाचा पिन विचारतात आणि बाहेरचा असला तर पुढे सरकत नाहीत. टपालाने पाठवा, पण 2001 मध्ये टपालातून अँथ्रॅक्सचे जीवाणू पाठवले गेले तेव्हापासून अमेरिकी काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, जाणारी पत्रं किरणोत्सर्गाने निर्जंतुक करतात. कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो, पेनड्राइव्ह निकामी होतो आणि उशीरही होतो. साधा कागद, सह्यांची प्रत, बाकी काही नाही. पैसे पाठवू नका आणि तिकडून घेऊही नका, परकीय देणगीचा कायदा आड येतो.

ऐरोली_नाका
एक प्रत आपल्या खासदारांनाही द्या. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धविरामाच्या ठरावावर भारत 12 डिसेंबर 2023 ला बाजूने होता, 12 जून 2025 ला तटस्थ राहिला. अमेरिकेतल्या एका बाईंनी स्वतःच्या सरकारला प्रश्न विचारला म्हणून आपण उभे राहणार असू, तर आपल्या प्रतिनिधीला हा बदल का झाला ते लेखी विचारायलाच हवं. खासदारांच्या कार्यालयातही पोच घ्या.